स्टॅम्प काँक्रीटची कामे घेणाऱ्या नव्या ठेकेदारांसाठी: जागेच्या पाहणीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

बंगल्याचे अंगण, फार्महाउसची पायवाट, हॉटेलची पार्किंगची जागा अशा ठिकाणी दगडी फरशीसारखे दिसणारे, पण प्रत्यक्षात एकसंध ओतलेले काँक्रीट आता आपल्याकडेही मागितले जाऊ लागले आहे. लाल ऑक्साइडचा घोटीव कोबा कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आला असल्यामुळे रंगीत सिमेंट आपल्या गवंड्यांना नवीन नाही. म्हणूनच कोबा घोटता येणाऱ्या माणसाला हे काम आपल्याला येतेच असे वाटते. मलाही तसेच वाटले होते. कोब्यात घोटण्याला वेळ मिळतो आणि चुकलेली जागा पुन्हा धरता येते; येथे मात्र काँक्रीट गाडीतून उतरले की पुढचे दोन-तीन तास ते सांगेल तसे वागावे लागते. पहिल्या काही कामांत मी जे पैसे गमावले, त्यांतले फारच थोडे कारागिरीमुळे गेले. बहुतेक गेले ते ओतण्याच्या आदल्या दिवसापर्यंत जे ठरवायला हवे होते ते न ठरवल्यामुळे. या लेखात त्यामुळेच तयारीवर अधिक भर दिला आहे.

१. सुरुवातीला एकच प्रकार निवडा

सजावटीच्या काँक्रीटमध्ये अनेक पद्धती येतात. ओल्या काँक्रीटवर रबरी साचे दाबून दगडाचा किंवा विटेचा ठसा उठवणे म्हणजे स्टॅम्प काँक्रीट. वरचा सिमेंटचा थर उशिरा बसावा असे रसायन फवारून तो दुसऱ्या दिवशी धुऊन काढला, की आतली खडी उघडी पडते. ही पद्धत उतारासाठी आणि बागेतील वाटांसाठी उत्तम आहे, कारण तिच्यावर पाय घसरत नाही. ॲसिड स्टेनमध्ये क्षारांचे द्रावण काँक्रीटमधील चुन्याशी अभिक्रिया करून ढगाळ रंग देते. पॉलिश काँक्रीटमध्ये हिऱ्याच्या पॅडनी पृष्ठभाग टप्प्याटप्प्याने घासतात आणि मध्ये लिथियमचे घट्टकारक द्रावण मुरवतात. मायक्रोटॉपिंग हा जुन्या फरशीवरही देता येणारा काही मिलिमीटरचा लेप आहे.

प्रत्येकाची हत्यारे, माणसे आणि चुका वेगळ्या असतात. पहिल्या वर्षी सगळे करू पाहणाऱ्याचे भांडवल यंत्रांत अडकते. पुढील सर्व विवेचन स्टॅम्प काँक्रीटचे आहे.

२. व्यवसायाची कागदपत्रे आधी पूर्ण करा

एकट्याच्या मालकीने सुरुवात करणे सर्वांत सोपे. त्यासाठी पुढील कागद एका फाइलमध्ये आणि मोबाइलमध्येही ठेवावेत:

- पॅन, आधार, छायाचित्र आणि रद्द केलेला धनादेश.
- कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा: वीजबिल, आणि जागा भाड्याची असल्यास भाडेकरार.
- उद्यम नोंदणी. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही.
- दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचना. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगारांची संख्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचनापत्र पुरते.
- व्यवसाय कराचे नाव-नोंदणी प्रमाणपत्र.
- जीएसटी क्रमांक. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की तो बंधनकारक होतो, आणि जमिनीशी कायम जोडलेले असे हे काम कायद्याने सेवेतच मोडते.

कोटेशनमध्ये ‘जीएसटी १८ टक्के वेगळा’ हे शब्द नसतील तर मालक तुमचा दर करासहित धरतो आणि ते १८ टक्के तुमच्या नफ्यातून जातात. कंपनीचे किंवा मोठ्या विकासकाचे काम केल्यास देयकातून उगमस्थानी कर कापला जातो: ठेकेदार एकटा मालक असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के, आणि पॅन दिलाच नसेल तर २० टक्के. कापलेली रक्कम बुडत नाही, ती विवरणपत्र भरताना हिशेबात येते. परंतु हातात येणारा पैसा तेवढा कमी असतो, हे धरूनच मजुरांचे पगार ठरवावेत.

३. हत्यारे: काय विकत घ्यावे, काय भाड्याने आणावे

साचे विकतच घ्यावेत. एका नक्षीचे सहा ते आठ कडक साचे, त्याच नक्षीचा एक लवचिक साचा (भिंतीलगत आणि खांबाभोवती कडक साचा बसत नाही) आणि नक्षीच्या रेषा नसलेली, केवळ दगडाचा पोत असलेली एक मोठी रबरी कातडी एवढ्यावर पहिले वर्ष निघते. सोबत साचे दाबायची धुम्मस, लांब दांड्याचा बुल फ्लोट (ओतलेला माल सपाट करायची रुंद पट्टी), लाकडी रंधे, लोखंडी थाप्या, कोपऱ्यांच्या थाप्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, लेव्हल पाइप, गुण्या, सीलरसाठी (शेवटी लावायच्या पारदर्शक संरक्षक लेपासाठी) रोलर आणि फवारणी पंप. काँक्रीट कटर, प्लेट कॉम्पॅक्टर आणि प्रेशर वॉशर भाड्याने मिळतात, ते भाड्यानेच आणावेत.

गमबूट, रबरी हातमोजे आणि मुखपट्ट्या यांना हत्यारांच्याच यादीत धरावे. ओल्या सिमेंटमध्ये तासभर गुडघे टेकून बसलेल्या माणसाची कातडी भाजते आणि हे त्याला संध्याकाळी घरी गेल्यावर कळते. कोरड्या कटरची धूळ तर वर्षांनंतर फुप्फुसात दिसते. म्हणून कापताना पाणी सोडावे.

४. जागेची पाहणी स्वतः करा

मालकाने मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावर दर देऊ नये. जागेवर जाऊन चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, माती. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेले कितीही सुंदर काँक्रीट तिच्याबरोबर हलते. ती काढून मुरूम भरण्याचा खर्च कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवावा. दुसरी, पाणी कोणीकडे जाणार. साधारण ८० फुटांना १ फूट ते १०० फुटांना १ फूट एवढा उतार मिळायला हवा. तिसरी, काँक्रीटची गाडी आत येते का. गेटची रुंदी, वरून गेलेल्या विजेच्या तारा आणि गल्लीतले वळण मोजावे. गाडी आत येत नसेल तर घमेल्यांनी माल वाहायला दुप्पट माणसे लागतात आणि तेवढ्यात पहिला ढीग बसू लागतो. चौथी, दुपारचे ऊन आणि सावली. अर्धे अंगण आंब्याच्या सावलीत आणि अर्धे उन्हात असेल तर एकाच वेळी ओतलेले काँक्रीट दोन वेगवेगळ्या वेळी साचा घ्यायला तयार होते.

५. नमुना लादी केल्याशिवाय दर देऊ नका

हा टप्पा वगळणारे ठेकेदारच अधिक आहेत, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

मालक रंग निवडतो तो छापील रंगपत्रिकेवरून. तो रंग तुमच्या कामात तसाच येणे जवळजवळ अशक्य असते. आपल्याकडे नदीची वाळू दुर्मीळ झाल्यामुळे क्रश सँड वापरली जाते आणि तिच्यात कच किती आहे त्यावर पाण्याचे प्रमाण व पर्यायाने रंगाची छटा बदलते. सिमेंटमध्ये फ्लाय ॲश किती आहे, ते कोणत्या कारखान्यातून आले, यानेही मूळचा करडा रंग गडद किंवा फिका होतो. फिकट पिवळा किंवा हस्तिदंती रंग हवा असेल तर हार्डनर, म्हणजे ओल्या काँक्रीटवर पसरायची रंगीत, पृष्ठभाग कठीण करणारी भुकटी, पांढऱ्या सिमेंटवर आधारित घ्यावी लागते आणि त्याचा खर्च वाढतो.

म्हणून ३ फूट बाय ३ फूट आकाराची किमान एक लादी, प्रत्यक्ष कामात वापरणार तेच सिमेंट, तीच वाळू, तोच हार्डनर, तीच रिलीज पावडर (साचा चिकटू नये म्हणून उडवायची रंगीत भुकटी) आणि तोच सीलर वापरून तयार करावी. वीतभर तुकड्यावर केलेला नमुना फसवा असतो, कारण त्यात नक्षीची पुनरावृत्ती दिसत नाही. लादी वाळल्यानंतर अर्ध्या भागावर सीलर लावून अर्धा भाग तसाच ठेवावा; सीलरने रंग किती गडद होतो हे मालकाला तेव्हाच कळते. मग ती त्याच्या अंगणात, उन्हात, ओली आणि कोरडी अशी दोन्ही प्रकारे दाखवावी, आणि पसंतीनंतर तिच्या मागच्या बाजूला तारीख घालून त्याची सही घ्यावी. नमुन्याची किंमत वेगळी लावावी आणि काम मिळाल्यास ती वजा करावी. फुकट नमुना मागणारा मालक पुढे फुकट दुरुस्तीही मागतो, हा माझा अनुभव आहे.

माझ्या तिसऱ्या कामात नमुना नव्हता. अंगण मोठे होते, काँक्रीटची दुसरी गाडी घाटात अडकून दीड तास उशिरा आली आणि जिथे जुना माल संपून नवा सुरू झाला तिथे रंगाचा सरळ पट्टा उठला. चूक माझी होतीच, पण वाद त्या पट्ट्यापुरता राहिला नाही. ‘मला हा रंगच नको होता’ येथपर्यंत तो गेला आणि शेवटचा हप्ता कधीच मिळाला नाही. सही केलेली लादी असती तर निदान रंगाचा वाद उभा राहिला नसता.

६. साहित्याचा हिशेब

उदाहरणादाखल १,००० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरचे अंगण घेऊ. पायी वावर आणि घरची मोटार एवढाच भार असेल तर चार इंच जाडी पुरते.

- काँक्रीट: ३३३ घनफूट, म्हणजे ९.४ घनमीटर, नासधूस धरून १० घनमीटर. एम-२५ ही ताकदीची प्रत.
- पॉलिप्रॉपिलीन तंतू: घनमीटरला ९०० ग्रॅम या प्रमाणात ९ किलो.
- कलर हार्डनर: चौरस मीटरला सुमारे ३ किलो, म्हणजे २८० किलो, २५ किलोच्या १२ गोण्या.
- रिलीज पावडर: चौरस मीटरला सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे १४ किलो.
- सीलर: दोन हात धरून ३५ लिटरच्या आसपास.

हार्डनरमध्ये कंजूषी केली की ती वर्षभरात दिसते. चाकाखालचा रंग आधी जातो आणि खालचे करडे काँक्रीट डोकावते. सर्व गोण्या एकाच बॅचच्या घ्याव्यात आणि एक गोण जास्त आणावी. मजुरी, भाडे, वाहतूक आणि स्वतःचा पगार धरल्यानंतर अडचणींसाठी १० टक्के वेगळे ठेवावेत. हे १० टक्के म्हणजे नफा नव्हे.

ज्याला अनुभव नाही त्याने मात्र एका दिवसात ३००-४०० चौरस फुटांपेक्षा जास्त ओतू नये. नियंत्रण सांध्याच्या (भेग ठरलेल्या रेषेवरच पडावी म्हणून दिलेल्या खाचेच्या) रेषेवर काम थांबवता येते, त्यामुळे जोड वाईट दिसत नाही.

७. करार आणि हप्ते

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक करारांना १०० रुपयांचा मुद्रांक पुरत नाही, ५०० रुपयांचा लागतो. करारात क्षेत्रफळ, जाडी, काँक्रीटची प्रत, नक्षीचे नाव, नमुना लादीची तारीख, जीएसटी आणि पाण्या-विजेची जबाबदारी लिहावी. शिवाय तीन वाक्ये न विसरता घालावीत: केसासारख्या बारीक भेगा हा काँक्रीटचा स्वभाव आहे आणि तो दोष धरला जाणार नाही, नमुन्याच्या तुलनेत रंगात किंचित फरक राहील, आणि ओतल्यापासून किमान सात दिवस वाहन नेले जाणार नाही. हे सांगायला संकोच वाटतो, पण आधी सांगितलेली गोष्ट माहिती ठरते आणि नंतर सांगितलेली सबब.

हप्त्यांची माझी मांडणी अशी आहे: काम ठरताच ४० टक्के, तळ आणि शटरिंग तयार झाल्यावर ४० टक्के, ठसे उठवून धुतल्यावर १५ टक्के, सीलरनंतर ५ टक्के. दुसरा हप्ता बँकेत जमा झाल्याशिवाय गाडी मागवायची नाही. ओळखीच्या माणसाबाबत हा नियम मोडला जातो, आणि तिथेच पैसे अडकतात.

८. तळ आणि चौकट

मुरूम १५० मिलिमीटरच्या थरांत पसरून, पाणी मारून, प्रत्येक थर स्वतंत्रपणे दाबावा. भिंत, खांब आणि ड्रेनेजचे चेंबर यांच्याभोवती १२ मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी लावावी, म्हणजे काँक्रीट त्यांना चिकटणार नाही. जाळी वापरत असाल तर ती कव्हर ब्लॉकवर उचललेली असावी. जमिनीवर पडलेली जाळी काहीही काम करत नाही. सांध्यांच्या जागा याच वेळी दोरीने आखून नक्षीच्या रेषांशी जुळवून घ्याव्यात. चार इंच जाडीसाठी दोन सांध्यांत ८ ते १० फुटांपेक्षा अधिक अंतर नसावे, आणि जिथे अंगण काटकोनात वळते त्या आतल्या कोपऱ्यातून सांधा गेलाच पाहिजे. तुम्ही तो दिला नाही तर काँक्रीट स्वतः देते.

९. ओतण्याचा दिवस

मार्च ते मे या काळात नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा विदर्भाच्या बाजूला काम असेल तर पहाटे सुरुवात करावी. कोरड्या वाऱ्यात वरचा पापुद्रा सुकतो आणि खाली माल मऊच असतो. त्यावर साचा दाबला की नक्षीच्या कडांना चिरा पडतात. हिरवी जाळी बांधून सावली केल्याने बराच फरक पडतो.

गाडी आल्यावर चलनावरची वेळ पाहावी. पाणी मिसळल्यापासून दोन तासांच्या आत माल उतरला पाहिजे. स्लंप, म्हणजे साच्यातून काढलेला ताजा माल किती खाली बसतो ते माप, सुमारे १०० मिलिमीटर हवा. माल घट्ट वाटला की कोणीतरी नळी घेऊन पाणी घालायला धावतो. त्याला थांबवणे हे त्या दिवशीचे तुमचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण जादा पाण्याने ताकद जाते, रंग फिका पडतो आणि पृष्ठभाग पुढे पीठ सोडतो.

पट्टी ओढून बुल फ्लोट फिरवल्यावर वर पाणी सुटते. ते पाणी चमकत असेपर्यंत हार्डनर टाकू नये. चमक गेली की दोन तृतीयांश हार्डनर हाताने, कमरेच्या उंचीवरून, बी पेरल्यासारखा पसरावा, तो ओल शोषून काळसर झाला की रंधा मारावा, मग उरलेला एक तृतीयांश आडव्या दिशेने पसरून पुन्हा रंधा आणि शेवटी थापी. हार्डनर कोरडा राहिला म्हणून वर पाणी शिंपडणे ही कोब्याची सवय येथे सोडावी लागते. शिंपडलेल्या प्रत्येक थेंबाचा डाग राहतो.

आता बोटाची परीक्षा. बोट दाबल्यावर साधारण ५-६ मिलिमीटरचा खड्डा पडावा आणि बोटाला माल चिकटू नये. तेव्हा रिलीज पावडर एकसारखी उडवावी आणि दोरीला लावून पहिला साचा ठेवावा. साच्यावर माणूस उभा राहिला की बहुधा त्याच्या वजनानेच ठसा उठतो. धुम्मस हलकी मारावी. प्रत्येक दोन-तीन ओळींनंतर दोरीशी रेषा ताडून पाहावी, कारण सुरुवातीला बोटभर सरकलेली ओळ शेवटी हातभर तिरकी दिसते. येथून पुढे तासाभराचा, फार तर दीड तासाचा अवधी असतो. एक माणूस फक्त कडांवर ठेवावा. काम कसे झाले हे पाहणारा माणूस आधी भिंतीलगतची कड पाहतो.

१०. सांधे, धुणे आणि सीलर

सांधे त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे कापावेत. खोली जाडीच्या पाव भाग, म्हणजे चार इंचाला एक इंच.

यानंतर आपली सर्वांत जुनी सवय आडवी येते. सिमेंटच्या गाऱ्याचे बांध घालून पाणी साठवणे किंवा ओली गोणपाटे पसरणे ही पद्धत स्लॅबला उत्तम आहे, पण रंगीत पृष्ठभागावर बांधांच्या रेषा, गोणपाटाचे डाग आणि चुन्याचे पांढरे ओघळ कायमचे उमटतात. पावडर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ झाडूने आणि बेताच्या दाबाच्या पाण्याने धुवावी. खोलगट रेषांत थोडी राहू द्यावी, कारण दगडाला जुनेपणा तिच्यामुळेच येतो. मग पुढच्या सीलरशी जुळणारे, त्याच उत्पादकाचे क्युरिंग कंपाउंड (काँक्रीटमधील ओल आत धरून ठेवणारे द्रावण) मारावे.

अखेरचा सीलर २८ दिवसांनंतर, पृष्ठभाग पूर्ण कोरडा असताना, पातळ दोन हातांत लावावा. आत ओल अडकली किंवा हात जाड झाला तर पांढुरकी झाक येते. उतारावर आणि पोहण्याच्या तलावाभोवती सीलरमध्ये घसरणरोधक भुकटी मिसळावीच. सीलर उघडा असताना जवळपास कोणी विडी पेटवू नये.

११. माणसे आणि पावसाळा

या कामाला किमान सहा सरावलेली माणसे लागतात आणि ती दरवेळी नवी आणून चालत नाही. उचल दिल्यास ती वहीत तारीख घालून लिहावी. हजेरीपत्रक नीट ठेवल्याचा त्यांनाही उपयोग होतो: वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याच्या तुमच्या दाखल्यावर १८ ते ६० वयाच्या कामगाराची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. कामगार भरपाईचा विमाही पहिल्या कामाआधीच घ्यावा.

जून ते सप्टेंबर उघड्यावरचे काम जवळजवळ बंद असते, कोकणात तर पूर्णच. त्या चार महिन्यांचा खर्च आधीच्या आठ महिन्यांच्या दरात धरलेला असावा. दुसऱ्या वर्षापासून या काळात घरातील मायक्रोटॉपिंगची कामे घेता येतात. मीही ती तेव्हाच शिकलो.

काम सोपवताना मालकाला एक पानाची लेखी सूचना द्यावी: ॲसिडने धुऊ नये, तेल सांडल्यास लगेच पुसावे, आणि वापर पाहून दर दोन-तीन वर्षांनी सीलरचा नवा हात द्यावा. त्यावर काम सोपवल्याची तारीख लिहावी, आणि तीच आपल्या वहीत उतरवून दोन वर्षांनंतरच्या ऑक्टोबरात त्या मालकाला फोन करावा. सही केलेली नमुना लादी तोपर्यंत जपून ठेवावी, कारण नवा हात देताना मूळ रंग कसा होता हे विचारण्याची वेळ दोघांवरही येते.